तीनशे चाळीस पानांची मालकीण

टाचणीचं आणि तिच्या नणंदेचं पटत नाही हे कंपनीत शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. पण ते प्रकरण असं पेटेल, असं मात्र कुणाला वाटलं नव्हतं.

कंपनी इस्पितळांसाठी लोखंडी खाटा बनवायची. दांडा फिरवला की डोक्याकडची बाजू वर उचलली जाते, तशा खाटा. कारखाना आणि ऑफिस मिळून अकराशे माणसं. टाचणी तिथे चौदा वर्षं खाटांची माहितीपुस्तकं लिहीत होती. कुठला स्क्रू आधी, वंगण किती दिवसांनी, असं सगळं. दुसऱ्याच्या लिखाणात चूक दिसली की त्या ओळीवर टाचणी खोचून कागद परत पाठवायची, म्हणून नाव पडलं टाचणी. नणंद एचआरची प्रमुख. टाचणीच्या नवऱ्याहून सहा वर्षांनी मोठी. टाचणीला ही नोकरी तिनेच लावून दिली होती आणि चौदा वर्षांत ती गोष्ट तिने कुणालाही विसरू दिली नव्हती. घरी तिला ‘वन्सं’ म्हणायचं, कंपनीत ‘मॅडम’. चुकून एकदा जिन्यात ‘वन्सं’ तोंडातून गेलं तर त्या संध्याकाळी घरी फोन आला होता, की तुझ्या बायकोला जरा रीतभात शिकव.

झालं असं की त्या वर्षी बाहेरून तपासणी करणारी माणसं आली. त्यांनी कंपनीची आतली साइट उघडली आणि विचारलं, तुमच्याकडे रजेचे नियम कुठले? साइटवर तीन सापडले. तिन्ही वेगळे, तिन्हींवर ‘अंतिम’ असं लिहिलेलं. मोठ्या साहेबांची मान खाली गेली. माणसं गेल्यावर त्यांनी विचारलं, इथे नीट मराठी आणि नीट हिशेबी डोकं असलेलं कोण आहे? कुणीतरी टाचणीचं नाव घेतलं. पुढच्या सोमवारी ती इंट्रानेटची, म्हणजे त्या आतल्या साइटची, व्यवस्थापक झाली. खोली मिळाली जिन्याखालची. खिडकी नव्हती, पण दार होतं, आणि दारावर तिचं पद लिहिलेली पाटी होती.

तिने तीन आठवड्यांत दोन पानी नियम लिहिले. साइटवरच्या प्रत्येक पानाला एक मालक हवा. खातं नाही, माणूस. त्याचं नाव पानावर दिसलं पाहिजे. मालकाने वर्षातून एकदा आपलं पान वाचून बरोबर असल्याची खूण करायची, आणि खूण झालेलं पान मग वर्षभर काढायचं नाही. ज्या पानाला मालक नाही ते पुढल्या महिन्याच्या एक तारखेला बंद. मोठ्या साहेबांनी सही केली. टाचणीने सगळ्या खात्यांना चार वेळा कळवलं. एकाही खात्याने उत्तर दिलं नाही.

एक तारखेला सकाळी नऊ वाजता तीनशे चाळीस पानं बंद झाली.

साडेनऊला भट्टीसाहेब आले. हे उत्पादनाचे प्रमुख, रंग भाजायच्या भट्टीपासून वर चढत आलेले, आणि तापमान तेच राहिलेलं. दार न वाजवता आत आले आणि टेबलावर मूठ आपटली.

“माझं शिफ्टचं वेळापत्रक कुठंय?”

“मालक नव्हता त्याला.”

“अख्खं उत्पादन माझं आहे!”

“मग पानावर नाव घाला ना. एका मिनिटाचं काम आहे. चार वेळा सांगितलं.”

“बाई, मी खाटा बनवतो. तुमची पानं राखत नाही बसत.” आणि दार असं आपटलं की पाटी तिरकी झाली.

दुपारपर्यंत पाच जण येऊन गेले. कँटीनवाला, स्टोअरवाला, दोन हिशेबनीस, आणि विक्रीतला एक जण, ज्याला आपलं कुठलं पान बंद झालंय हेही माहीत नव्हतं, पण इतर चिडले म्हणून तोही चिडला होता. जेवणाच्या टेबलावर टाचणी बसली की शेजारची माणसं ताटं उचलून दुसरीकडे जायची.

तीन वाजता वन्संनी आपल्या केबिनमध्ये खातेप्रमुखांना चहाला बोलावलं. टाचणीला बोलावणं नव्हतं. पाच वाजता नेटवर्क सांभाळणारा माणूस, ज्याला सगळे तारवाले म्हणत, जिना उतरून खाली आला. चेहरा उतरलेला.

“तुमच्या नियमात एक भोक राहिलं,” तो म्हणाला. “मालक म्हणून कुणीही कुणाचंही नाव घालू शकतो. समोरच्याला विचारायची गरज नाही.”

“मग?”

“सगळ्या खात्यांनी यादी चढवली. तीनशे चाळीसच्या तीनशे चाळीस पानांवर तुमचं नाव घातलंय. एचआरने तर आपला अख्खा गठ्ठाच दिला, आतलं न बघता. मॅडम म्हणाल्या म्हणे, तिला मालकच पाहिजे ना, घे म्हणावं, हो मालकीण.”

टाचणी पडद्याकडे बघत राहिली. ओळीखाली ओळ, सगळीकडे तिचंच नाव. केबिनमधलं हसणं तिला जिन्याखालीही ऐकू आल्यासारखं वाटलं.

“मी उलटवून देतो सगळं,” तारवाले म्हणाले. “पाच मिनिटांत.”

“नको. राहू दे. पण भोक बुजवायचं आहे.”

तिने दुसऱ्या दिवशी नियमात एक ओळ वाढवली. यापुढे पानाचा मालक बदलायचा असेल तर देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची, दोघांची लेखी संमती हवी. मोठ्या साहेबांनी खरेदीच्या कागदांच्या गठ्ठ्यात ती ओळ न वाचता सही करून टाकली. आणखी पानं अंगावर पडू नयेत, एवढाच तिचा हेतू होता त्या दिवशी.

मग ती वाचायला बसली. नावावर आलंय तर वाचायचं, एवढं तिला कळत होतं. रोज दहा पानं. आग लागली तर जमायची जागा म्हणून ज्या झाडाचा उल्लेख होता ते झाड तोडून तिथे गोदाम उभं राहून सात वर्षं झाली होती. तक्रार कुणाकडे करावी, तर ज्यांच्याकडे करायची ते गृहस्थ वारलेले. भट्टीसाहेबांच्या एका पानावर हातमोजे घालणं ‘ऐच्छिक’ होतं. तिने ते ‘सक्तीचं’ केलं आणि त्यांच्याकडून पुन्हा शिव्या खाल्ल्या. शिव्यांची आता सवय झाली होती. सकाळी जिना उतरताना मागून कुणीतरी “मालकीणबाई आल्या” म्हणायचं आणि दोघं-तिघं खिदळायचे. ती वळून बघत नसे. एकदा मात्र तिच्या खुर्चीवर कुणीतरी भिजलेला स्पंज ठेवला होता. त्या दिवशी ती ओल्या साडीने घरी गेली आणि नवऱ्याने विचारलं तेव्हा “पाणी सांडलं” म्हणाली.

सहाव्या आठवड्यात ती एचआरच्या गठ्ठ्याला लागली, आणि तिथे तिला एक पान सापडलं, जे साइटवर होतं पण फक्त एचआरमधल्या तिघांनाच दिसेल असं ठेवलेलं. आता ते चौथ्या माणसाला दिसत होतं, कारण चौथा माणूस मालक होता.

पानाचं नाव ‘शुश्रूषा रजा’. घरात आई, वडील, सासू, सासरे, नवरा, बायको, मूल, कुणीही आजारी असलं तर वर्षाला बारा दिवस भरपगारी रजा. खाली संचालक मंडळाचा ठराव जोडलेला. तारीख सहा वर्षांपूर्वीची.

टाचणीने ते पान तीनदा वाचलं. मग उठून पाणी प्यायली, आणि परत वाचलं.

तीन वर्षांपूर्वी सासूबाई मोरीत पडल्या होत्या आणि खुब्याचं हाड मोडलं होतं. टाचणीने रजेचा अर्ज केला होता. त्यावरचं उत्तर तिला पाठ होतं: ‘अशी तरतूद नाही.’ खाली वन्संची सही. मग तिने बिनपगारी अकरा दिवस काढले. सासूबाईंना उठवणं, बसवणं, बेडपॅन, पाठीला पावडर, सगळं तिने केलं. वन्सं संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर संत्री घेऊन यायच्या, पंधरा मिनिटं बसायच्या, आणि जाताना “माझ्या आईकडे नीट बघ हं” म्हणायच्या. त्या वर्षी बढतीच्या यादीतून टाचणीचं नाव गेलं. कारण लिहिलं होतं, बिनपगारी गैरहजेरी. ती यादीही एचआरनेच केली होती.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच ती वर गेली. केबिनचं दार उघडं होतं.

“मॅडम, शुश्रूषा रजेचं पान बंद का आहे?”

वन्संचा हात कपाजवळ थांबला. मग त्यांनी उठून दार लावलं.

“ते तुला कुठे दिसलं?”

“तुम्हीच माझ्या नावावर केलंत.”

कारकुनाने गठ्ठा न बघता चढवला होता हे वन्संना आत्ता कळत होतं.

“बंद आहे ते बंद राहू दे. वरून सांगितलंय.”

“सहा वर्षं? आईंच्या वेळी हे होतं. तुम्हाला माहीत होतं. तरी तुम्ही तरतूद नाही म्हणून लिहून दिलंत.”

“एकीला दिली असती तर अकराशे आले असते.”

“तुमची आई होती ती, वन्सं.”

“इथे मॅडम म्हण.” त्या खुर्चीत बसल्या. आवाज अजिबात चढला नव्हता. “आणि तू घरी बसलीस म्हणून काय बिघडलं? सून होतीस. रजा असती, नसती, करायचंच होतं तुला ते.”

टाचणी खाली आली, पानाचा जुना इतिहास उघडला. कुठल्या दिवशी कुणी काय बदललं, ते सगळं तिथे राहतं. ठरावानंतर चारच दिवसांनी मोठ्या साहेबांची एक ओळ होती: ‘तूर्त हे एचआरपुरतं ठेवा, बाहेर बोलू नका.’ म्हणजे वरून सांगितलं होतं हे खरं होतं. सांगणारा एक आणि निमूट करणारी दुसरी. तिच्या रागाला आता दोन तोंडं झाली, पण राग तेवढाच राहिला.

त्याच सकाळी अकरा वीसला तिने ते पान सगळ्यांसाठी खुलं केलं. वर स्वतःचं नाव, खाली ठरावाची तारीख. एक शब्दही बदलला नाही.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत काही झालं नाही. मग रंगखात्याच्या दाराजवळच्या सामाईक कॉम्प्युटरपाशी गर्दी जमली. फवारणीवाल्याने ते पान मोठ्याने वाचून दाखवलं. त्याचा बाप आदल्या वर्षी गेला होता, गावी, एकटा, आणि याला रजा मिळाली नव्हती. वाचून झाल्यावर तो तसाच, अंगावर रंगाचा झगा, एचआरमध्ये गेला आणि वन्संच्या टेबलासमोर उभा राहिला.

“बसा ना,” वन्सं म्हणाल्या.

“नाही बसत. ही तारीख वाचा.”

“मला कामं आहेत.”

“माझा बाप चार दिवस पाणी मागत होता. शेजारणीने सांगितलं मला. तारीख वाचा, बाई.”

त्यांनी वाचली नाही. त्याने टेबलावर थुंकल्यासारखं केलं, थुंकला नाही, आणि निघून गेला. चार वाजेपर्यंत एकशे सात अर्ज आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या साहेबांनी दोघींना बोलावलं. त्यांच्या खोलीत गालिचा होता आणि खुर्च्या मुद्दाम खोल होत्या, बसणारा बुटका व्हावा म्हणून. टाचणी उभीच राहिली.

“ते पान काढा.”

“संचालक मंडळाचा ठराव आहे साहेब. रद्द करायचा तर मंडळच करू शकतं.”

“पुनर्विचारासाठी तात्पुरतं काढा.”

“मालकाने एकदा तपासलेलं पान वर्षभर हलत नाही. मी काल तपासलं.”

“मग मालक बदला! मॅडमच्या नावावर करा.”

“त्याला माझी लेखी संमती लागेल. मी देत नाही.”

“हे कुणी ठरवलं?”

टाचणीने हातातल्या कागदावरची सही त्यांना दाखवली. त्यांनी स्वतःच्याच सहीकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघितलं. वन्सं खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या.

तेवढ्यात युनियनचा सेक्रेटरी बाहेर आल्याचा निरोप आला. बरोबर ठरावाची छापील प्रत, आणि रंगखातं काम थांबवून उभं. साहेबांनी वन्संना बाहेर जायला सांगितलं. दार लागल्यावर त्यांचा सूर एकदम मऊ झाला.

“हे बघा, रजा चालू ठेवू. तुम्ही जिंकलात म्हणा. फक्त एक सूचना पहिल्या पानावर टाका. लिहून घ्या. एचआर प्रमुखांच्या हलगर्जीपणामुळे सदर रजेची माहिती कर्मचाऱ्यांपर्यंत पोहोचू शकली नाही. व्यवस्थापनाला याची कल्पना नव्हती.”

टाचणीने लिहून घेतलं. चौदा वर्षांत असा घास कुणी तिच्या पुढ्यात ठेवला नव्हता. अकराशे माणसं सकाळी साइट उघडतील आणि पहिलीच ओळ ती. तिच्या डोळ्यांसमोर संत्र्यांची पिशवी आली, बढतीची यादी आली. बोटं अगदी शिवशिवली.

“खाली नाव कुणाचं घालू?” तिने विचारलं.

“व्यवस्थापन.”

“माणसाचं नाव लागतं साहेब. आणि सही. तुमचं घालते.”

“माझं कशाला?”

“तुम्ही सांगताय म्हणून. आणि तसं पाहिलं तर त्या पानाच्या इतिहासात तुमची एक ओळ आहे. तूर्त एचआरपुरतं ठेवा, बाहेर बोलू नका. सूचनेशेजारी लोक तीही वाचतील.”

मोठ्या साहेबांच्या नाकपुड्या फुगल्या होत्या.

“तुम्ही माहितीपुस्तकं चांगली लिहायचात,” ते शेवटी म्हणाले. “सोमवारपासून परत तिकडेच.”

“लेखी द्या.”

त्यांनी लेखी दिलं. यावर सही करायला त्यांना गठ्ठा लागला नाही.

सूचना काही लागली नाही. रजा चालू झाली, कारण ठरावाच्या प्रती तोवर कारखानाभर झाल्या होत्या. वन्संची खुर्ची गेली नाही, पण साहेबांनी त्यांना बळी द्यायचं ठरवलं होतं ही बातमी साहेबांच्या सेक्रेटरीकडून त्यांच्या कानावर गेलीच. जिन्याखालच्या खोलीत आता विक्रीतला तो चिडका माणूस बसतो. पहिल्याच आठवड्यात त्याच्या टेबलावर कुणीतरी मूठ आपटली, असं तारवाले सांगत होते.

रविवारी दुपारी वन्सं नेहमीप्रमाणे आईला भेटायला आल्या. सासूबाई काठी टेकत जेवायच्या टेबलापर्यंत आल्या होत्या. मुलाकडून त्यांना सगळं कळलं होतं. त्यांनी लेकीला पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही.

“रजा होती. तू हिला नाही म्हणालीस?”

“आई, ते ऑफिसचं असतं. तुला नाही कळायचं.”

“मला मोरीपर्यंत नेणं कळतं. ही न्यायची. तुझी संत्री मला सोलता येत नव्हती, तीही हीच सोलायची.”

“ताई, जाऊ दे ना,” टाचणीचा नवरा म्हणाला. तो कुणाला ‘जाऊ दे’ म्हणत होता ते त्यालाही सांगता आलं नसतं.

“तू गप्प बस,” मायलेकी एकदम म्हणाल्या.

वन्सं टाचणीकडे वळल्या. “तुला वाटत असेल, ती सूचना लावली नाहीस म्हणजे मोठी मेहेरबानी केलीस माझ्यावर. तुझ्या उपकारांची गरज नव्हती मला. कळलं? मी निस्तरलं असतं माझं.”

“उपकार कुठला?” टाचणी ताटं उचलत म्हणाली. “साहेबांनी सही केली असती तर मी लावली असती. त्या कागदावर सही नव्हती, एवढंच.”

ते खरं होतं की नव्हतं, हे तिने त्यानंतर स्वतःलाही कधी विचारलं नाही. वन्संनी पर्स उचलली आणि आईच्या पाया न पडता गेल्या. जिन्यावर त्यांच्या चपलांचा आवाज तळमजल्यापर्यंत ऐकू आला.

त्यानंतर त्या रविवारी येत नाहीत. बुधवारी दुपारी येतात, टाचणी कामावर असते तेव्हा. येऊन आईच्या गोळ्यांचा डबा आपल्या पद्धतीने लावतात, सकाळच्या डावीकडे, रात्रीच्या उजवीकडे. संध्याकाळी टाचणी घरी आली की तो पुन्हा होता तसा लावते. महिनाभर हे चाललं. मग एका बुधवारी सासूबाईंनी तो डबा उशीखाली घातला आणि लेकीला सांगितलं, माझ्या गोळ्या तरी सोडा गं दोघींनी. संध्याकाळी सुनेलाही तेच सांगितलं. डबा त्यांनी उशीखालून काढला नाही.